मुठीतलं मीठ

मेलेल्यानं बोलू नये म्हणतात. पण मित्रांनो, मला मरून बरीच वर्षं झाली आणि अजून कुणी माझ्यावर माती टाकलेली नाही, तेव्हा दोन शब्द बोलले तर बिघडलं कुठं? मी एक जुनी बॅटरी आहे. काळ्या रबराची पेटी, वर तीन बुचं, दोन शिशाची टोकं आणि पोटात नुसता चुरा. वाटूर फाट्याजवळच्या एका मातीच्या घरात, दाराआडच्या कोपऱ्यात माझा मुक्काम आहे. येणारा-जाणारा विचारतो, हे भंगार घरात कशाला? घरातला माणूस उत्तर देत नाही. ते उत्तर मी देणार आहे.

माझा जन्म मुंबईकडच्या एका कारखान्यातला. शिशाच्या जाळ्यांवर लेप थापून त्यांच्या पट्ट्या केल्या, पट्टीला पट्टी जोडून माझ्या पोटात उभ्या केल्या आणि वर तेजाब ओतलं. तेजाब म्हटल्यावर दचकू नका. तुम्हाला ते जाळतं, आम्हाला जगवतं. ज्याचं त्याचं अन्न वेगळं असतं, आणि माझी सगळी कहाणी एवढ्याच गोष्टीवरून घडली.

आम्ही सहा बहिणी एकाच गाडीतून वाटूरजवळच्या काकासाहेबांच्या मळ्यावर आलो. काकासाहेबांची मोसंबीची बाग मोठी होती, शिवाय कलमांची रोपवाटिका होती. त्यांचे मेहुणे परदेशात इंजिनिअर होते. त्यांनी बोटीनं एक ट्रॅक्टर पाठवला. तो बागेत फिरण्यापुरता, गाढवाहून थोडा मोठा, आणि चालणारा विजेवर. डिझेल नको, धूर नको, धडधड नको. तो बघायला पंचक्रोशीतली माणसं जमली आणि पोट धरून हसली. पण बोटीतून बॅटऱ्या आल्या नव्हत्या, म्हणून आम्हाला इथून विकत घेतलं. आम्हाला एकीला एक जोडून बसवलं. पहिलीतून निघालेली वीज दुसरीतून, दुसरीतली माझ्यातून, अशी सहावीपर्यंत जायची. मी तिसरी, बरोबर चालवणाऱ्याच्या बैठकीखाली. एक जरी अडली तरी सगळ्याच अडायच्या.

त्या बैठकीवर बसला राधाकिसन.

राधाकिसन धनगराचं पोर. ज्या घरात चालणं हाच धंदा, त्या घरात तो उजव्या पायानं अधू. तीन-चार वर्षांचा असताना त्याला ताप भरला आणि पाय लुळा पडला. त्याची आई गिरिजाबाई तेव्हा मेंढरांबरोबर रानात होती. दवाखाना लांब. मेंढरू लंगडायला लागलं की धनगर तापल्या विळ्यानं डाग देतात, तसा तिनं लेकराच्या पायाला डाग दिला. पाय पुढे वाळतच गेला. कुणी शहाण्यानं सांगितलं की तो तापच तसा होता, डागानं काही झालं नाही. पण गिरिजाबाईला ते कधी पटलं नाही. आपल्या हातानं आपण लेकराचा पाय जाळला, हे तिनं मनात धरलं ते धरलंच. बाप गेला, मेंढरं विकली गेली, आणि मायलेक काकासाहेबांच्या मळ्यावर कामाला लागले. ती झाडलोट करायची. तो एका जागी बसून रोपांसाठी माती भरायचा. तरणाबांड माणूस, दंडात बैलाचं बळ, आणि दिवसभर मातीत बसलेला. गिरिजाबाई झाडता झाडता त्याच्याकडे बघायची आणि मान फिरवायची.

ट्रॅक्टर आला तसा काकासाहेबांनी त्याला विचारलं, "चालवशील का रे?"

"पायानं दाबायचं हाय ना मालक ते," राधाकिसन म्हणाला.

काकासाहेबांनी वाटूरच्या भिवा लोहाराला बोलावलं. भिवानं पायाचा खटका काढून त्याला हातानं ओढायचा दांडा बसवून दिला. राधाकिसनला दोघांनी उचलून बैठकीवर ठेवलं. त्यानं दांडा ओढला आणि आम्ही सहा जणींनी जोर लावला. मोसंबीच्या दोन ओळींमधून तो सरळ निघाला, बांधापर्यंत गेला, वळला आणि परत आला. जन्मात पहिल्यांदा तो कुणाच्या आधाराशिवाय इतकं लांब गेला होता. गिरिजाबाई खराटा टाकून खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. मित्रांनो, माझं कौतुक पुष्कळांनी केलं, पण त्या रडण्याएवढं कौतुक मला पुन्हा कुणी केलं नाही.

मग आमचे चांगले दिवस सुरू झाले. रोपांची ट्रॉली ओढायची, पालापाचोळा वाहायचा, ओळींमधून फण फिरवायचा, आणि दुपारी मोटारीच्या खोलीत उभं राहून वीज प्यायची. राधाकिसन आम्हाला जिवापाड जपायचा. काचेच्या नळीनं प्रत्येकीचं तेजाब तपासायचा. पाणी कमी झालं की जालन्याहून काचेच्या बरण्यांत आणलेलं बॅटरीचं पाणी घालायचा. विहिरीचं पाणी आम्हाला चालत नाही, त्यातला क्षार आमच्या पट्ट्या खातो, हे काकासाहेबांनी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ते त्याला माहीत होतं. गिरिजाबाईला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं कारणच काय होतं? ती फक्त भाकरी घेऊन यायची आणि बघायची की लेक बुचं उघडून सहाही जनावरांना पाणी पाजतोय.

आम्ही तिला जनावरंच वाटायचो. ती आमच्यावरून हात फिरवायची, माशी वारल्यासारखी धूळ वारायची. धनगराच्या घरात एक रीत असते. रानात पाणी लागलं तर आधी मुकं जनावर पितं, मग माणूस. जनावर तहानलेलं असताना जो आपली तहान भागवतो, त्याला ती माणसं धनगर म्हणत नाहीत.

आणि मग बहात्तरचा दुष्काळ आला.

विहिरी तळाला गेल्या. माणसं खडी फोडायला गेली. मळ्यातली विहीर तेवढी थोडी झिरपत होती. काकासाहेबांनी मोठी झाडं देवावर सोडली आणि कलमं वाचवायची ठरवली. आमच्या ट्रॉलीवर पाण्याचं पिंप चढलं. विहिरीपासून चढण चढायची, वर जायचं, एकेका रोपाला तांब्यातांब्यानं पाणी घालायचं आणि परत यायचं. दिवसभर तेच. उन्हानं आमची पोटं तापायची. मी बैठकीखाली कोंडलेली, वारा कुठून नाही, म्हणून सगळ्यांत आधी मी थकले. एक दिवस राधाकिसननं नळी लावून बघितली आणि भाकरी सोडणाऱ्या आईला सहज म्हणाला, "माय, ही तिसरी जरा थकून राह्यली."

तो सहज म्हणाला. तिनं मनावर घेतलं.

दुपारी भाकरी खाऊन राधाकिसन झाडाखाली पडायचा, तेव्हा गिरिजाबाई हळूच यायची. बैठक उचलायची, लेकाचं बघून शिकली होती तशी माझी बुचं फिरवायची. तिच्या हातात पितळेचा गडू असायचा. त्या दिवसांत प्यायचं पाणी वाटून मिळायचं, आणि त्या गडूत तिच्या वाट्याचं पाणी असायचं. पदराच्या गाठीतून ती खडेमीठ काढायची, मूठभर गडूत टाकून बोटानं ढवळायची. थकलेल्या मेंढीला, व्यालेल्या मेंढीला धनगर मिठाचं पाणी देतात, त्यानं तिला उभारी येते. "पी माय," ती मला म्हणायची, "समद्यांला पानी आनून देती, तुला कोन विचारतंय." मग कोरड्या ओठांवरून जीभ फिरवून ती निघून जायची. लेकाला सांगायची नाही, कारण आपली माय तहानेली राहते म्हणून तो रागावला असता.

मित्रांनो, मी काय करू शकत होते? एवढ्या मायेनं मला कुणी कधी काही दिलं नव्हतं. आणि ते माझ्यासाठी विष होतं. मीठ तेजाबात गेलं की त्याचा जळजळीत वायू होतो, शिशाच्या पट्ट्या झडायला लागतात. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात, पण मला ते मीठ पचलंच नाही.

एके दिवशी वीज पिताना माझ्या बुचांतून वास सुटला. विहिरीत टाकतात त्या पांढऱ्या पावडरीसारखा उग्र. राधाकिसन खुरडत जवळ आला, बैठक उचलली. माझ्या टोकांवर पांढरी खपली धरली होती आणि बुचाच्या कडेला खडेमिठाचा एक खडा चिकटला होता. तो त्या खड्याकडे बघतच राहिला. तेवढ्यात गिरिजाबाई भाकरीचं फडकं घेऊन आली.

"आली का रे उभारी तिला?" तिनं विचारलं. "म्या रोज पाजून राह्यले मिठाचं पानी. तू झोपल्यावर. बघ, आता बराबर चालंल ती."

राधाकिसननं तो खडा नखानं खरवडून काढला.  मग त्यानं बैठक खाली पाडली.

"आली माय," तो म्हणाला. "बिलकुल बरी झाली. आता मातर पाजू नको, जास्त झालं की बाधतं."

"व्हय, मेंढीलाबी बाधतंय जास्त," ती म्हणाली, आणि समाधानानं भाकरी सोडायला बसली.

त्यानंतर राधाकिसननं मला वाचवायला काय काय केलं, ते मलाच माहीत. मला बाहेर काढलं. सगळं तेजाब उपसलं. बरणीतल्या चांगल्या पाण्यानं मला पुन्हापुन्हा धुतलं. जालन्याहून नवं तेजाब मागवून भरलं आणि वीज लावून लहान मुलाच्या उशाशी बसावं तसा माझ्याजवळ बसून राहिला. मी नुसती तापले. अंगात काही धरेना, पट्ट्याच राहिल्या नव्हत्या. शेवटी त्यानं मला वगळलं. जाड तार घेऊन दुसरीचं टोक चौथीला जोडलं आणि पाच जणींवर ट्रॅक्टर चालवून बघितला. सपाटीला तो रडतखडत चालला. पण पिंप भरून विहिरीच्या चढणीला लागला आणि निम्म्यावर थांबला. राधाकिसननं निम्मं पाणी ओतून दिलं, तरी तो हलेना. त्या दुष्काळात जमिनीवर सांडलेलं ते पाणी बघून माणसं धावली, आणि काकासाहेबही आले.

काकासाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी बैठकीखालची रिकामी जागा बघितली, बाजूला काढून ठेवलेल्या मला बघितलं.

"नवी बॅटरी मी आणीन रे," ते म्हणाले. "पण ही गेली कशी ते सांग. सहांतली एकच अशी कशी जाते? कुणाचा हात लागला का हिला?"

गिरिजाबाई थोड्या अंतरावर लिंबाखाली बसली होती. तिथवर बोलणं ऐकू येत नव्हतं तिला. लेक ट्रॅक्टरवर बसलेला तेवढा तिला दिसत होता, आणि ती बोटांनी पदराची गाठ सोडत-बांधत होती. राधाकिसननं तिच्याकडे एकदा बघितलं. एक शब्द सांगितला असता तर काकासाहेब म्हातारीला दोन शब्द रागावले असते आणि नवी बॅटरी आली असती. राधाकिसनची बैठक राहिली असती. पण मग गिरिजाबाईला कळलं असतं. मेंढराचं औषध देऊन आधी लेकराचा पाय घालवला आणि आता त्याचा दुसरा पायही आपणच घालवला, हे तिला कळलं असतं.

"कुनाचा हात न्हाई लागला मालक," तो म्हणाला. "माझ्याच हातून गेली. पानी घालायचं इसरलो. कोरडी पडली अन् जळाली."

"तू विसरलास?" काकासाहेब म्हणाले. "बाकी पाच भरलेल्या, आणि ही एकच विसरलास?"

"व्हय मालक."

 तो खोटं बोलतोय हे काकासाहेबांना दिसत होतं, पण कशासाठी ते दिसत नव्हतं. "रोपं मरतायत राधाकिसन," ते शेवटी म्हणाले. "असल्या वेळी विसरणाऱ्याच्या हाती मी गाडी देऊ शकत नाही. आणि खोटं सांगणाऱ्याच्या तर नाहीच." दुसऱ्या दिवशी विहिरीवर बैलगाडी आली. चढणीला उतरून बैलांबरोबर चालायला राधाकिसनला पाय नव्हता, आणि परत माती भरायला बस असं त्याला म्हणायची काकासाहेबांना लाज वाटली. त्यानंच मळा सोडला. जाताना एवढंच मागितलं, की ही मेलेली बॅटरी मला द्या.

आईला त्यानं सांगितलं, की बॅटऱ्यांचं आयुष्यच तेवढं असतं, म्हातारी होऊन मेली. गिरिजाबाई म्हणाली, "मेली तरी आपली हाय. तिला तिथं टाकू नगं." मेंढपाळ आजारी कोकरू खांद्यावर घेतो तशी तिनं मला खांद्यावर घेतलं आणि फाट्यापर्यंत चालत आणलं. लेक काठी टेकत मागून आला. चालवणारा दुसरा कुणी मिळेना, म्हणून तो ट्रॅक्टर पुढं शेडमध्ये पडून राहिला, त्याच्या बैठकीवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या. माझ्या पाच बहिणी भंगारात गेल्या. त्यांचं शिसं वितळलं असेल, नव्या पेट्यांत ओतलं असेल, त्या कुठंतरी आजही गाड्या ओढत असतील. मला मात्र तो जन्म मिळाला नाही. मला या घरच्या मायेनं धरून ठेवलं.

राधाकिसननं फाट्यावर, घराच्या दारातच पंक्चरचं दुकान टाकलं. पुन्हा एका जागी बसून काम. समोरून ट्रक जायचे, एसटी जायच्या, आणि तो त्यांच्या चाकांना ठिगळं लावायचा. त्यानं कधी कुरकुर केली नाही. फक्त दर रविवारी, खंडोबाच्या वारी, गिरिजाबाई माझ्यासमोर बसायची तेव्हा तो उठून बाहेर जायचा. ती मला पुसायची, गडूत मूठभर मीठ टाकायची, बोटानं ढवळायची आणि माझ्या बुचांत घोट घोट पाणी ओतायची. "राधाला तू लई फिरवलंस," म्हणायची. राधाकिसन उंबऱ्याबाहेर पाठ करून बसायचा. त्याची पाठ मला कोपऱ्यातून दिसायची.

असे काही रविवार गेले, मग एक दिवस निराळा आला. राधाकिसन ट्यूब आणायला परतूरला गेला होता. दुकानात गिरिजाबाई एकटी होती. एक ट्रकवाला थांबला. त्याच्या गाडीची बॅटरी तापली होती. त्यानं पाणी मागितलं तशी ती गडू घेऊन उठली. ते दारातच उभे होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"थांब लेकरा," ती म्हणाली, "मीठ घालून देते. जल्दी उभारी येते तिला."

ट्रकवाला हसला. "मावशी, मला हात धुवायला पानी पायजे. बॅटरीला साधं पानीबी चालत न्हाई, मंग मीठ तर इख हाय तिला. मीठ घातलं की मेलीच समजा."

त्यानं हात धुतले, राम राम केला आणि निघून गेला. गिरिजाबाई गडू हातात धरून तशीच उभी राहिली. मग घरात आली. माझ्यासमोर बसली. माझ्यावर हात ठेवला, जसा तिनं त्या दुष्काळात ठेवला होता. ती ओरडली नाही, छाती बडवली नाही. फक्त म्हणाली, "अन् त्यो मला म्हनला, उभारी आली." एवढंच म्हणून ती दिवस मावळेपर्यंत बसून राहिली. राधाकिसनची काठी बाहेर वाजली तशी तिनं डोळे पुसले आणि चूल पेटवायला उठली.

पुढच्या रविवारी काय होणार याची मला धास्ती होती. पण ती नेहमीसारखीच आली. मला पुसलं. राधाकिसन दारात होता, अजून बाहेर गेला नव्हता. त्याला दिसेल अशी तिनं पदराची गाठ सोडली, मूठभर मीठ घेतलं, मूठ गडूवर धरली, दुसऱ्या हाताच्या बोटानं पाणी ढवळलं. पण मित्रांनो, मूठ उघडलीच नाही. तिनं मला नुसतं पाणी पाजलं आणि मागची धूळ पुसायला वाकली, तेव्हा मुठीतलं मीठ माझ्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत हळूच सोडून दिलं. आपल्याला कळलंय हे लेकाला कळू नये म्हणून. त्यानं एवढं मोठं खोटं जिच्यासाठी पेललं, तिला ते कळलंय हे त्याला समजलं असतं, तर त्याचं सगळं सोसणं वाया गेलं असतं. त्या रविवारनंतरचा प्रत्येक रविवार असाच गेला. तो पाठ करून बसायचा, ती मूठ झाकून बसायची, आणि मधोमध मी. मला दोघांचंही ठाऊक होतं.

एकोणऐंशी साली, पौषातल्या थंडीत, गिरिजाबाई गेली. लेकाचा हात हातात होता. बोलली ती एवढंच, की तिसरीला बाहेर टाकू नको. तो बरं म्हणाला. दोघांनीही दुसरं काही सांगितलं नाही.

तेरावं झाल्यावर राधाकिसननं घर सारवायला काढलं. कोपरा मोकळा करायचा म्हणून त्यानं मला ओढून पुढं घेतलं आणि तो थबकला. माझ्यामागं भिंतीच्या कडेला खडेमिठाचा ढीग होता. ओल खाऊन खाऊन दगड झालेला. खालचे थर पिवळे पडलेले, वरचा थर अजून पांढरा. पहिल्यांदा त्याला काही कळेना. मग तो हळूच खाली बसला. त्यानं हाताची मूठ करून त्या ढिगावर धरली, तिच्यासारखी, आणि उघडली. आणि तो लहान पोरासारखा रडला.

"माय," तो म्हणाला, "मला सांगायचं की गं."

त्यानं तो कोपरा सारवला नाही. मला होती तिथंच परत ठेवलं, मीठ जसंच्या तसं माझ्यामागं राहू दिलं. आता दर रविवारी तो मला पुसतो. पाणी घालत नाही. पुसतो आणि थोडा वेळ बसतो.

मित्रांनो, मुक्या वस्तूंना सांभाळा. त्यांना पाणी द्या, तेल द्या, सावली द्या, पण आधी विचारून घ्या, कुणाला काय चालतं ते. नुसत्या मायेनं माझं पोट भरलं नाही. आणि एक सांगते, तेवढं ऐका. जे घरातल्यांना सांगायचं असेल, ते वेळेवर सांगून टाका. मला बुचं तीन होती, पण तोंड एकही नव्हतं. तुम्हाला आहे.